रोजच्या बारा कांड्या

"पास झालो," जागेश्वर दारातूनच म्हणाला आणि हातातलं वर्तमानपत्र त्यानं बापाच्या हातमागावर, विणून झालेल्या कापडावर पसरलं. बी.एस्सी. पहिल्या वर्षाचा निकाल आज छापून आला होता. त्याचा नंबर त्यात होता, तोही सेकंड क्लासच्या रकान्यात. धोंडबानं माग थांबवला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी पोरानं बोट ठेवलेल्या आकड्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं मागालाच हात जोडले.

जागेश्वरला मात्र आणखी बोलायचं होतं. गोळीबार चौकातल्या घरापर्यंत सायकल हाणताना ते वाक्य त्यानं चारदा घोळवलं होतं.

"बाबा, आता दुसऱ्या वर्षी मी कांड्या भरनार नाही."

गेल्या साली तो नापास झाला होता. अभ्यासाला बसायचा नाही असं नव्हतं. वेळापत्रक तर इतकं देखणं करायचा की काच लावून भिंतीवर टांगावं. पण पुस्तक उघडलं की त्याला तहान लागायची, पाणी प्यायला की कोपऱ्यावरच्या कॅरमचा आवाज यायचा, आणि तिथून स्वारी परतायची ती थेट जेवायला. नापास झाला त्या दिवशी धोंडबा ओरडला नाही. आणखी एक वर्ष देतो, एवढंच म्हणाला. पुन्हा आपटलास तर कॉलेज बंद, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जन्मभर बसायचं. शिवाय मायचा खांदा दुखतो, तेव्हा आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या बारा कांड्या रोज सकाळी सहा ते आठ तू चरख्यावर सूत गुंडाळून भरून द्यायच्या. चरख्याला हात लागतात, डोळे लागत नाहीत, पुस्तक समोर ठेव. आणि कांडी भरल्याशिवाय पान उलटायचं नाही.

कांड्या भरणं हे विणकराच्या घरात बायकांचं काम. समोरच्या यमुताईनं पहिल्याच सकाळी दारातून डोकावून विचारलं, वच्छलाबाई, सून कधी आणली? गल्ली आठ दिवस हसत होती. जागेश्वर मागाकडे पाठ करून, खिडकीशी चरखा घेऊन धुमसत बसायचा. पण मध्येच उठलं तर सूत गुंतायचं, म्हणून उठायची सोय नव्हती. आणि एक कांडी भरेपर्यंत एक पान दोनदा वाचून व्हायचं, कारण दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं. दिवाळीपर्यंत त्याला सहाच्या आधी आपोआप जाग येऊ लागली. संक्रांतीनंतर तर बारावी कांडी संपली तरी पुस्तक खाली ठेववेना. तरीही त्याची समजूत एकच होती. हे दोन तास आपल्याकडून घरानं काढून घेतले, नाहीतर फर्स्ट क्लास कुठे गेला नव्हता.

आता तो तेच बापाला सुनावत होता. वर्षभर घरासाठी राबलो, यापुढे दुसरं कोणी बघा.

धोंडबानं सगळं ऐकून घेतलं.

"नको भरू," तो म्हणाला. "पन एक सांग. या मागावर सध्या कोनत्या रंगाचं लुगडं हाय?"

"लाल." यात विचारायचं काय? वर्षभर रोज लालच सूत भरलं होतं त्यानं.

धोंडबानं वर्तमानपत्र अलगद उचललं. खाली लुगडं होतं हिरवंगार. त्याच्या आधीचं जांभळं होतं, त्याच्या आधीचं हळदी. लाल लुगडं गेल्या पावसाळ्यापासून या मागावर चढलंच नव्हतं.

"कोष्ट्याचं पोर अन् मागाकडे एकडावही पाह्यलं नाही त्यानं," तो आतून आलेल्या बायकोला म्हणाला. सांगताना त्याला केवढा आनंद झाला होता.

मग वच्छलाबाईला बोलावंच लागलं. नजर पुस्तकात ठेवून भरलेली कांडी कुठे ढिली पडते, कुठे फुगते. तसली धोट्यात घातली तर पावलोपावली धागा तुटतो. पहिल्याच दिवशी नवराबायकोनं ते पाहिलं होतं आणि पोराला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तो कॉलेजात गेला की ती त्याच्या बाराही कांड्या उकलायची, सूत पुन्हा लडीवर घ्यायची, आणि मग मागासाठीच्या कांड्या भरायला बसायची. खांदा तेव्हा दुखत नव्हताच. आता दुखू लागला होता.

"वर्षभर तू एकच लडी भरून राहिला होता," ती ओशाळून म्हणाली, जणू तिनंच त्याचं काही चोरलं होतं.

जागेश्वर मायजवळ खाली बसला. सूत फार तुटतं म्हणून त्यानं कितीदा सूतवाल्याच्या नावानं खडे फोडले होते. रोज तेच ते सूत, न तुटून करतं काय? आपण यांच्यावर उपकार करतोय, या तोऱ्यात तो वर्षभर वावरला होता. आणि त्याला दोन तास एका जागी बसवण्यासाठी ही दोघं रोज दुप्पट राबत होती, वर त्याची कुरकुरही ऐकून घेत होती. त्याचे डोळे भरून आले. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. तो सरकत मायच्या मागे गेला आणि तिचा खांदा दाबू लागला.

"माय," तो म्हणाला, "दुसऱ्या वर्षाले ते सूत पुरन का वं? उकलत जाईन मीच."

"ते तर झिजलं गा," वच्छलाबाई म्हणाली. "दुसऱ्या वर्षाची लडी मी कालच आनून ठेवली."