अरुंद दाढ

लेक दातांची डॉक्टर होती. वडिलांच्या जबड्यात बसवलेल्या स्क्रूवर तिने नवी दाढ ठेवून पाहिली. आरसा हातात घेताच वडील कुरकुरले, "शेजारच्या दाढांपुढे ही चिमुरडी दिसते. चांगली ऐसपैस कर की!" "मुद्दाम अरुंद केलीय, बाबा. रुंद दाढेच्या कडेवर घास चावला की स्क्रू वाकडा रेटला जातो आणि सगळा ताण भोवतीच्या हाडावर येतो." "माझं हाड दणकट आहे. सोसेल." "सोसेल, पण सांगणार नाही. खऱ्या दाताला जोर जाणवतो, स्क्रूला नाही. हाड गुपचूप झिजतं, अगदी तुमच्यासारखं." वडिलांनी आरसा खाली ठेवला. ते हळूच म्हणाले, "बाळा, हल्ली जिना चढताना छातीत कळ येते. तुला घोर नको म्हणून बोललो नाही." लेकीने ग्लोव्हज काढले, हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि दुसऱ्या हाताने वडिलांचा हात धरला.