तळाची मागची भिंत

ओव्हरसियर साहेबांनी तळावरच्या कोठडीच्या अर्धवट पडलेल्या मागच्या भिंतीत पहार घातली आणि दगड अलगद निघून आला. आत चुना नव्हताच, नुसता चिखल. वरून सांध्यांना तेवढा बोटभर चुना फासलेला.

"कुणी बांधली ही?" साहेब भडकले. "असल्या गवंड्याला शाळेच्या कामावर पाऊल ठेवू देऊ नका."

वाशीजवळच्या त्या माळावरचा निजामी फौजेचा तळ अकरा वर्षं ओस पडला होता. आता तिथं शाळा भरणार होती. उद्घाटनात वाचायला शिवशरण गुरुजी तळाचा इतिहास लिहीत होते. त्यातलं मोठं पान बब्रुवानचं. फौजेनं त्याला याच कोठडीत डांबलं होतं आणि खांद्याच्या धडकेनं दगडी भिंत पाडून तो निसटला होता. तो खांदा गावानं अकरा वर्षं मिरवला होता.

साठीचा महेबूब गवंडी ओळंबा हातात धरून उभा होता. फौजेनं वेठीला धरून हा तळ त्याच्याकडूनच बांधून घेतला, हे गावाला ठाऊक होतं. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं वळल्या. त्यानं एकदा गर्दीत उभ्या बब्रुवानकडं पाहिलं. आजवर तो याच माणसासाठी गप्प राहिला होता. पण आपल्या कामाला कुणी खोटं म्हणावं, हे त्याला सोसेना.

"म्या बांधली, साहेब. समजून उमजून अशी बांधली."

"म्हणजे?"

"बाकीचा तळ बघा, सुई शिरायची न्हाय. ही कोठडी व्हती. हितं आपलीच माणसं कोंडनार, हे दिसत व्हतं. म्हणलं, कुणीतरी कवातरी धडक देईलच."

"फौजेला कळलं असतं तर?" गुरुजींनी विचारलं.

"तर म्या आज हितं नसतो."

बब्रुवान भिंतीपाशी गेला. तो सुटा दगड त्यानं उचलला, हातात फिरवून बघितला. त्याचा चेहरा उतरला होता.

"चाचा, अकरा वर्सं माझी तारीफ ऐकत बसलात? एका शब्दानं बोलला न्हाईत?"

"खांदा तुझाच व्हता, बाबा. म्या निस्ती वाट ठिवली."

बब्रुवाननं डोळे पुसले. मग ताठ उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गुरुजी, ते पान पुन्यांदा लिवा. आधी चाचांचं नाव घाला. मग माझं."

साहेबांनी पहार खाली ठेवली. आवाज उतरवून विचारलं, "मिस्त्री, ही भिंत किती दिवसांत उभी कराल?"

महेबूबनं पागोटं सारखं केलं.

"धा दिस लागतील, साहेब. घाई करू नगा. आता आत लेकरं बसनार हायेत."