पोत्यांच्या बारा रांगा

“त्यांचीही बारावी रांग झाली, मॅडम. आपली तेरावी चढवायला घेऊ का?” हवालदारांनी विचारलं.

पुलाच्या या टोकाला वाळूच्या पोत्यांची भिंत होती, त्या टोकाला तशीच दुसरी. खाली नदी, आणि नदीच्या मधोमध सरहद्द. नव्या मेजरबाईंना ठाण्याचा ताबा घेऊन चारच दिवस झाले होते. आदल्या आठवड्यात एक सुतार पलीकडे दिलेल्या बहिणीला भेटायला सायकलवरून निघाला होता. त्याच्यावर तिकडून गोळी सुटली. तो वाचला, सायकलचं चाक गेलं.

“थांबा. ही पोती रचायला आधी सुरुवात कोणी केली?”

“त्यांनीच. दुसरं कोण करणार?”

मेजरबाईंनी जुन्या नोंदवह्या उपसल्या. नऊ वर्षांपूर्वीची नोंद सापडली. पुराचं पाणी ठाण्यात शिरू नये म्हणून पोत्यांची एक रांग. आपल्याच बाजूला. तिसऱ्या दिवशी पलीकडे दोन.

कॉलेजात राज्यशास्त्राच्या बाईंनी नववास्तववाद शिकवला होता. देशांच्या डोक्यावर पोलीस नसतो, त्या सांगायच्या. शेजाऱ्याच्या मनातलं दिसत नाही, हातातलं दिसतं. म्हणून चांगली माणसंही एकमेकांच्या भीतीने काठ्या जमवत बसतात. परीक्षेत हे लिहून मेजरबाईंना मार्क बरे पडले होते. आता त्याचं काहीतरी करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी पलीकडे निरोप पाठवून त्या नोंदवही घेऊन पुलाच्या मध्यावर गेल्या. पलीकडचे अधिकारी आले. वयाने मोठे, मिशा पिकलेल्या. दोन्ही काठांची बोली एकच होती. त्यांनी पुराची ती ओळ दोनदा वाचली आणि वही मिटून परत दिली.

“तुमच्यावर माझा विश्वास आहे,” ते म्हणाले. “पण पुढच्या महिन्यात माझी बदली आहे. माझ्या जागी येणारा तुम्हाला ओळखणार नाही. आणि तुम्ही तरी इथे जन्मभर थोड्याच राहणार?”

“म्हणूनच विश्वास ठेवा असं म्हणत नाही मी. मोजा.”

दर सोमवारी सकाळी दहाला दोन्हीकडून एकेक रांग उतरवायची, एकाच वेळी. यांची पोती त्यांच्या माणसाने मोजायची, त्यांची यांच्या. एक पोतं जरी कमी उतरलं, तर काम तिथेच बंद.

“आधी त्यांना काढू दे, मग बघू,” मुख्यालयातून वरिष्ठ फोनवर म्हणाले.

“त्यांचे साहेबही त्यांना हेच सांगत असतील, सर. आम्ही बरोबरच काढतो. चुकलं तर माझ्या नावावर लिहा.”

फोन ठेवताच हवालदारांनी विचारलं, “त्यांनी दगा दिला तर, मॅडम?”

“तर आपल्या अकरा राहतील, त्यांच्या बारा. एका रांगेने देश बुडत नाही.”

पहिल्या सोमवारी हवालदार पलीकडे गेले आणि प्रत्येक पोत्याला हात लावून मोजून आले. हिशोब जुळला. दुसऱ्या सोमवारीही जुळला.

पाचव्या सोमवारी पलीकडच्या अधिकाऱ्यांची बदली झाली. नवव्याला मेजरबाईंची. बाराव्या सोमवारी शेवटची रांग उतरली. पुलाच्या दोन टोकांना दोन नवे साहेब उभे होते. ते एकमेकांशी आजवर एक शब्दही बोललेले नव्हते.