आधी कोण गेलं

रोहिणी द्राक्षबागेतून घरी आली, तेव्हा सासरे खाटेवर आणि सासू खाटेच्या पायथ्याशी, दोघंही गार पडलेली होती. तिने शेजारी हाका मारल्या, त्या मात्र जरा वेळाने. दिंडोरीच्या एसटीडी बूथवरून म्हाताऱ्यांच्या लेकाला, तिच्या नवऱ्याला, निरोप गेला, बायका जमल्या. म्हातारीला अंघोळ घालायच्या आधी कमळाबाईंनी विचारलं, "आधी कोण गेलं?" म्हातारा आधी गेला असेल, तर हिरवं लुगडं नाही, की कुंकू नाही.

"आत्याबाई," सासूकडे बघत रोहिणी म्हणाली. "मी आले तवा मामांच्यात धुगधुगी व्हती."

"मग हातात बांगड्या कशा नाय?"

"मनगटं सुजली व्हती. सकाळी मीच उतरवल्या."

"सवाष्ण गेली. नशीब काढलं बाईनं."

बायकांनी मळवट भरला, चुडा भरला, ओटी भरली.

दोन्ही तिरड्या उचलल्यावर रोहिणी परसात गेली. पदराची गाठ सोडून तिने खाटेखालून वेचलेले काचेचे तुकडे उकिरड्यात पुरले. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडायला चारचौघी येतात. म्हातारीने हाका मारल्या असतील. कोणीच आलं नाही, तेव्हा तिने त्या आपल्याच हाताने फोडून घेतल्या होत्या.