धरणावरच्या झाडाला पाणी

"काका, हे झाड कुणी लावलं?"

इंजिनिअर बाईंनी विचारलं आणि राखणदाराची छाती आपोआप पुढे आली. धरण तसं लहान, सगळं मातीचं. पण त्याच्या माथ्यावरच्या या झाडासारखं डेरेदार झाड आसपास कुठे नव्हतं. पाण्याकडच्या फांदीला जाड दोर बांधला होता. सुट्टीच्या दिवशी पोरंथोरं त्याला लोंबकळून झोका घेत आणि धपकन पाण्यात उड्या टाकत. आजही रांग लागली होती.

"मीच लावलं," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी एक बादली घालतो. आजवर चुकवलं नाही."

"धरणावरच्या झाडाला पाणी घालता?"

"मग? शेजारी विहीर आहे म्हणून पाहुण्याला पाणी विचारायचं नाही का?"

बाई हसल्या नाहीत. वाकून त्यांनी एका मुळावरून बोट फिरवत नेलं. ते जिथे मातीत बुडत होतं तिथे थांबल्या. "हे काढावं लागेल."

राखणदाराला वाटलं, दोराबद्दल बोलताहेत. "दोर मजबूत आहे बाई. मी स्वतः लोंबकळून बघतो."

"दोर नाही. झाड."

झाडाखालच्या टपरीत त्याची बायको कप विसळत होती. तिचे हात थांबले.

"अहो बाई, मुळं माती धरून ठेवतात," तो म्हणाला. "लहान पोरालासुद्धा ठाऊक आहे."

"डोंगरावर धरतात. इथे एका अंगाला पाणी तुंबवलंय. मुळं भरावात वाट करतात, त्या वाटेने पाणी शिरतं. उद्या वादळात झाड उन्मळलं, तर धरणाचा लचका तोडून नेईल."

"मग उद्याच तोडतो."

"नुसतं तोडून भागत नाही. तोडलं की मुळं आतल्या आत कुजतात. त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात."

राखणदाराने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "म्हणजे जगलं तरी वाईट, मेलं तरी वाईट?"

"तुमच्या आत्याबाईंसारखंच झालं की हो," बायको टपरीतून म्हणाली. पण तिचं तिलाच हसू आलं नाही.

बाईंनी समजावून सांगितलं. तळं उतरवायचं. झाड मुळासकट खणून काढायचं. खड्ड्यात चिकणमाती थराथराने घालून ठोकून बसवायची. तोवर पोहणं बंद, होड्या बंद.

"आणि चहा?" बायकोने विचारलं.

बाई राखणदाराला धरणाच्या कोरड्या अंगाने खाली पायथ्याशी घेऊन गेल्या. तिथे एक हिरवागार पट्टा होता. बाकी सगळं गवत वाळलं तरी तेवढं मऊ राहायचं, म्हणून घरोघरची माणसं तिथेच चटया अंथरत. चांगली जागा म्हणून राखणदारच ती दाखवायचा त्यांना. बाईंनी गवत बाजूला केलं. मातीतून केसासारखं एक मूळ बाहेर आलं होतं. त्याच्या टोकाला थेंब. तो पडला, दुसरा भरला. बाईंनी तळहातावर घेऊन उजेडात धरला.

"स्वच्छ आहे. स्वच्छ आहे तोवर वेळ आहे आपल्याला. गढूळ दिसलं, तर आतून माती वाहून चाललीय समजा; मला फोन करत बसू नका. आधी खालच्या लोकांना बाहेर काढा." मग हात पुसत म्हणाल्या, "मी वर कळवते. पण हुकूम यायला किती दिवस जातील, सांगता येत नाही. झडप तुमच्या हातात आहे, काका. पाणी उतरवायचं तर सकाळपासूनही उतरवता येईल. बघा."

खालचे लोक. त्याने वळून पाहिलं. उतार संपतो तिथे ओढ्याकाठी पत्र्याची घरं, त्यातलं कडेचं त्याच्या लेकीचं. ती सासरी निघाली तेव्हा आईच्या मिठीतून सुटेना. त्याने तिला माथ्यावर आणलं, तिच्या अंगणातून नेमकी दिसेल अशी जागा शोधली आणि तिच्यादेखत रोप लावलं. म्हणाला, हे दिसलं की समज, आम्ही इथेच आहोत.

संध्याकाळी माणसं पांगली. दोराच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. त्याच्या हातांनी सवयीने बादली भरली आणि तो झाडाशी येऊन उभा राहिला. पुढे काय करायचं, ते हातांना कळेना. घालावं, तर मुळं वाढणार. न घालावं, तर... झाड काय त्याच्या बादलीवर जगत होतं? मग इतकी वर्षं तो काय घालत होता?

"घाला की," बायको टपरीचं दार ओढत म्हणाली. "उपाशी ठेवून कुणाला घराबाहेर काढतात का?"

"काढायचं असं कोण म्हणालं?"

"मग नका काढू."

"आणि खाली ती आहे, तिचं काय?"

बायको कुलूप लावायचं सोडून तशीच पायरीवर बसली.

फोन वाजला. लेकीचा.

"बाबा, अंगणात आहे. केव्हाची बघतेय, झाडाशी नुसते उभे आहात. बरं आहे ना?"

"बरंय." मग त्याने विचारलं, "तुमची ओसरी ओढ्यापासून किती वर आहे गं?"

"हे काय मधेच?"

"सहज. झाड दिसतं ना तिथून?"

"दिसतं की. ते दिसतं म्हणून तर बिनघोर झोपते."

तिने पोराला हाक मारली, फोन ठेवला.

त्याने बादलीत पाहिलं. पाणी गढूळ होतं. दिवसभर माणसं डुंबली होती, काठाचं पाणी असं होणारच. की कालही असंच होतं? परवा? इतक्या वर्षांत त्याने बादलीत कधी पाहिलंच नव्हतं.

त्याने बादली मुळाशी टेकवली आणि पाणी निवळायची वाट बघत तो तिच्याशेजारी उकिडवा बसला.