केतकीचा खोकला

सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर सुलक्षणाच्या नाकातल्या पेशी दिसत होत्या. प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणावर बारीक केस होते आणि ते वाऱ्यावरच्या ज्वारीसारखे एका लयीत डोलत होते.

“हे माझं आहे?” ती बघतच राहिली.

“तुमचंच. श्वासातली धूळ, कफ, सगळं हे केस सतत बाहेर लोटत असतात,” तगारे डॉक्टर म्हणाल्या. “आता तुमच्या लेकीच्या पेशी बघा.”

नऊ वर्षांच्या केतकीचे केस दिसायला तसेच होते, पण एकही हलत नव्हता.

खोकल्यापायी सुलक्षणानं तिचं दही बंद केलं होतं, केळं बंद केलं होतं, सीताफळाला तर हातही लावू दिला नव्हता. “म्हणजे हे थंड खाण्यानं नाही?”

“नाही हो, जन्मापासूनच आहे. पूर्ण बरं होणार नाही, पण सांभाळता येतं. फक्त तिचा खोकला दाबू नका. या लाखो केसांचं काम ही पोरगी एकटी खोकून करतेय. म्हणून तर तिची छाती अजून इतकी चांगली आहे.”

बाहेर बाकांवर पेशंट बसले होते, त्यांच्यातच मायलेकी येऊन बसल्या. केतकीला उबळ आली. चारचौघांत खोकायचं नाही, हे आईनंच शिकवलेलं. तिनं रुमाल तोंडात कोंबला आणि लालबुंद होऊन आईकडे पाहिलं.

सुलक्षणानं रुमाल तोंडातून काढून नुसता समोर धरला. “खोक गं. चांगली मोठ्यानं खोक.”

केतकी खोकली. सगळ्या माना वळल्या. सुलक्षणा ताठ बसून राहिली, स्टेजवर लेकीचं गाणं चालू असावं तशी.