सर्पुहीचा कान

"माझ्याशी बोलू नकोस," लेवोन झांजांच्या कारखान्याच्या दारातच म्हणाला. "कान गेले माझे. काय ते सर्पुहीकडे तोंड करून सावकाश बोल. ती सांगेल मला."

पन्नास वर्षं ड्रम बडवल्यावर दुसरं काय होणार, असं मनाशी म्हणत विगेनने हातोडी खाली ठेवली. सर्पुहीताई लेवोनची बायको आणि विगेनच्या उस्तादांची मुलगी. एके काळी तिने पास केल्याशिवाय इथल्या एकाही झांजेवर शिक्का उमटत नसे. विगेनच्या पहिल्या अकरा झांजा तिने परत भट्टीत पाठवल्या होत्या.

ओनिक गेल्याला रविवारी चाळीस दिवस होत होते. जन्मभर शेजारी उभं राहून बास वाजवलेल्या त्या मित्रासाठी लेवोन समात्या मोहल्ल्यातल्या चर्चच्या दालनात एकदाच वाजवणार होता. मग काड्या कायमच्या ठेवून देणार. त्याची जुनी राईड, गाणंभर ठेका धरणारी मोठी झांज, तडकली होती. नवी हवी होती, शेवटची.

विगेनने सहा महिने मुरवलेल्या तीन झांजा काढल्या. बावीस इंची, हातठोक्याच्या.

पहिली. काडी टणकन उसळली. आवाज लख्ख, पण मागे काही उरेना. लेवोन वाजवत होता, सर्पुही काठाखाली चार बोटं धरून उभी. तिची मान हलली. नाही.

दुसरी. काडीखाली झांज जरा दबायची आणि काडी अलगद परत द्यायची. प्रत्येक ठोका सुटा, आणि सगळ्यांखाली एक काळसर घुमारा, थांबता थांबेना. अशी झांज आपल्या हातून पुन्हा होणार नाही, हे विगेनला माहीत होतं. लेवोनचा हात क्षणभर थबकला.

"ही?" त्याने तिच्याकडे वळून विचारलं.

"मेलेली आहे," सर्पुही म्हणाली.

तिसरीही नाही.

चहा टाकू का, असं विगेनने तिच्या पाठीमागून दोनदा विचारलं. तिने वळूनही पाहिलं नाही. ताईचा तोरा अजून तसाच होता.

ती कोपऱ्यात गेली. तिथे वितळवायच्या झांजांची चळत होती. एकेकीवर टिचकी मारत, काठ चाचपत तिने एक ओढून काढली.

"काय रे, चांगला माल माझ्यापासून लपवतोस? बोटांना मुंग्या येताहेत बघ. बाबा असते तर कान पिळला असता तुझा."

लेवोनने ती चढवली. पहिल्याच ठोक्याला ती पत्र्याच्या डब्यासारखी खरखरली. तो डोळे मिटून वाजवत राहिला, अख्खं गाणं. ओनिकचं आवडतं. सर्पुहीचे डोळे भरून आले होते.

"हीच," लेवोन म्हणाला.

सर्पुही ती झांज घेऊन खिडकीशी गेली आणि उजेडात फिरवून पाहू लागली. लेवोन पाठमोरा होऊन कोटाची बटणं लावत होता. विगेनला राहवेना.

"ताई, तडा आहे तिच्या काठाला. रविवारी चारचौघांत दाजींचं हसं होईल."

सर्पुही खिडकीकडे तोंड करून झांज फिरवत राहिली.

"ऐकला मी तो तडा," मागे न वळता लेवोन हळूच म्हणाला. "तिला दिसेल असा शिक्का मार."